मालतीकाकूंचे हात

आमच्या धंद्यात आळशीपणाला एक सोयीचा रंग आहे, हिरवा. हलतं चित्र दुसऱ्या व्हिडिओवर ठेवायचं असेल तर त्याच्यामागे काहीच नसायला हवं, काचेसारखं आरपार. तशी फाइल काढता येते. पण ती अवजड होते, तयार व्हायला वेळ खाते आणि मोबाइलवरून पाठवता येत नाही. म्हणून मी मागे सपाट हिरवा रंग ओतायचो आणि साधी फाइल पाठवून मोकळा व्हायचो. समोरचा, चित्रं एकमेकांवर बसवणारा मिक्सिंगवाला यंत्राला सांगतो, हिरवं दिसेल ते काढून टाक, आणि यंत्र काढून टाकतं. सुरतेत, उधन्याला दुकान घातल्यापासून सहा वर्षं मी लग्नाच्या व्हिडिओंसाठी देव, कलश, नवरानवरीची नावं, सगळं याच वाटेने पाठवलं. कुणाची तक्रार आली नाही. मागचा रंग कुठला आणि बांगडी कुठली हे यंत्राला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं.

लोटूकाका माझ्या वडिलांबरोबर एकाच कारखान्यात लूम चालवायचे. चंचल त्यांची एकुलती एक मुलगी. तिला कामरेजला दिली, आणि लग्नाच्या महिनाभर आधी काका दुकानात आले. कुठल्याशा लग्नात वारलेली आजी पडद्यावर येऊन आशीर्वाद देते असं त्यांनी पाहिलं होतं. तसं मालतीकाकूंचं होईल का, असं चाचरत विचारलं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी म्हणालो, त्याहून चांगलं करतो. स्टेजवरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोठ्या पडद्यावर चालूच असतं. त्यातच काकू चंचलच्या मागे येऊन उभ्या राहतील, दोन्ही हात तिच्या तोंडावरून ओवाळतील आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडतील. बढाई मारायची मला खोड आहेच. पण काकांचा चेहरा असा उजळला, की त्यानंतर मागे फिरणं शक्य नव्हतं.

त्यांनी दिलेल्या फोटोत काकूंचे हात पदराखाली होते. मग मी माझ्या आईला भिंतीशी उभं केलं, तिला बोटं मोडायला लावली आणि मोबाइलवर टिपलेल्या त्या हालचालीवरून काकूंचे हात काढले. तीन आठवडे खपलो. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं होतं. लग्नाच्या दोन दिवस आधी काका बघायला आले, रुमाल तोंडाला लावून बसले आणि पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणत राहिले. उठताना मात्र त्यांनी विचारलं, हातात बांगड्या का नाहीत?

मी म्हणालो, फोटोत दिसत नव्हत्या म्हणून राहिल्या. तेव्हा त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. शेवटच्या आठवड्यात सलाइनने काकूंचे हात सुजले होते. बांगड्या रुतायला लागल्या, म्हणून नर्सने त्या कापून काढल्या. गेल्यावर बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली, पण चुडा काही त्या हातांवर चढेना. शेवटी बांगड्या नुसत्या उशाशी ठेवल्या. नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली, भाग्याची म्हणून सगळी गल्ली पाया पडली. काकांच्या डोळ्यांपुढून मात्र ते उघडे हात गेले नाहीत.

"जातांना तिना हात मोकळा व्हतात," काका म्हणाले. "चित्रमा तरी भरेल ठेव."

मी त्याच दिवशी दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या बांगड्या भरल्या. हात हलले की त्या मनगटावरून खाली सरकतील, इतकं बारीक काम केलं. आणि मग सहा वर्षांच्या सवयीने मागे हिरवा रंग ओतून फाइल हॉलवरच्या विकासला पाठवून दिली. विकास तिथे कॅमेऱ्यांचं मिक्सिंग बघणार होता. पाठवण्याआधी मी एकदा जरी नीट पाहिलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती.

लग्नाच्या दिवशी पावणेबाराला विकासचा फोन आला. मी दुकान बंद करून निघतच होतो. त्याने पडद्याचा फोटो पाठवला. त्यात काकू होत्या, पण मनगटाच्या जागी भोकं पडली होती आणि पंजे नुसते हवेत तरंगत होते. यंत्राने मागच्या हिरव्याबरोबर बांगड्याही काढल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर बांगड्यांखालचं मनगटही. विकास म्हणाला, असं लावलं तर लहान पोरं घाबरून रडतील, काहीतरी कर.

मुहूर्त बारा पस्तीसचा. आरपार फाइल काढायला चाळीस मिनिटं, ती पेनड्राइव्हवर घेऊन हॉलवर पोचायला पंधरा. मी हिशेब केला आणि घाबरलो. चित्रात बांगड्यांचा थर वेगळा होता. त्याच्यापुढे डोळ्याचं छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो. मी ते दाबलं. खाली अखंड, स्वच्छ मनगटं होती. पाच मिनिटांत नवी फाइल गेली आणि विकासचा अंगठा आला.

त्या क्षणी मला काही आठवलं नाही असं म्हणालो, तर ते साफ खोटं होईल. बांगड्या कोण बघतंय, असं मी स्वतःला म्हणालो होतो. म्हणजे आठवण होतीच. मागचा रंग हिरव्याऐवजी निळा केला असता तरी भागलं असतं, त्याला तीच पाच मिनिटं लागली असती. हे मला सुचलं हॉलच्या दारात गाडी लावताना, आणि तेव्हाही मी आत जाऊन विकासला थांब म्हणालो नाही. आपल्या कामाला चारशे माणसं टाळ्या वाजवणार याचीच धुंदी होती. वर आणखी एक, आमच्याकडचा मुहूर्त कधी पाळला गेलाय? वरात दारात पाऊण तास नाचली. अक्षता पडल्या तेव्हा सव्वा वाजून गेला होता. आरपार फाइल तयार होऊन, मी हातपाय धुऊन, चहा पिऊन पोचलो असतो.

अक्षता पडल्यावर पडद्यावर मालतीकाकू आल्या. चंचलने मान वर करून पाहिलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरले तसे तिने डोळे मिटले. काकूंनी बोटं मोडली. कुणीतरी हुंदका दिला, मग टाळ्या झाल्या. माझ्या पाठीवर थापाही पडल्या. मी काकांना शोधत होतो. ते खांबाजवळ उभे होते आणि काकूंच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते. पडद्यावर पुन्हा नुसते वधूवर दिसू लागले तरी त्यांची नजर तिथेच होती.

माझ्या आईने मला बाजूला ओढून विचारलं, मालतीचे हात उघडे कसे काय? मी म्हणालो, अडचण आली.

काका विधुर, म्हणून कन्यादानाला त्यांचा धाकटा भाऊ भाईदास बायकोसह बसला होता. काका बाकी सगळीकडे धावपळ करत होते. जेवणाच्या पंगतीत ते स्वतः वाढत होते आणि मी माफी मागायची म्हणून त्यांच्या मागे मागे फिरत होतो. नवरदेवाकडची एक म्हातारी, लांबच्या नात्यातली, त्यांना ओळखत नव्हती. तिने हळहळून विचारलं, पोरीचा बाप आईच्याही आधीच गेला का हो, पडद्यावर बाईचे हात मोकळे दिसले म्हणून विचारते. आणि तुम्ही कोण पोरीचे?

काकांनी लाडवांचं ताट दुसऱ्या हातावर घेतलं. भर पंगतीत, मुलीच्या लग्नात, त्या बाईला ओशाळं करायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"मी तिना मोठा काका शे," ते म्हणाले, आणि तिच्या पानात अजून एक लाडू वाढला.

मी तिथून हललो. माफी मागायला तोंडच राहिलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी दुकानात कुणाशी धड बोललो नाही. विकासवर ओरडलो, त्याचा काडीचा दोष नसताना. मग बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं, आरपार फाइल काढली. लग्नाचं चित्रण विकासकडून आणून त्यावर काकूंना बांगड्यांसकट बसवलं. काच कशी चमकते तेही दाखवलं. लॅपटॉप घेऊन काकांच्या खोलीवर गेलो.

काकांनी दोनदा पाहिलं. छान झालंय म्हणाले, बांगड्या शोभतात तिला म्हणाले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी चुकलो म्हणालो तर त्यांनी हातानेच जाऊ दे केलं. मग मोबाइल काढून चंचलने पाठवलेला फोटो दाखवला. तिच्या सासऱ्यांनी लग्नाच्या व्हिडिओतला तो क्षण मोठा करून, सोनेरी चौकटीत बसवून बैठकीत लावला होता. सुनेची आई म्हणून रोज ताजा हार घालतात, असं चंचलने लिहिलं होतं. चौकटीत काकूंचे दोन्ही हात वर उचललेले होते, आणि उघडे होते.

मी म्हणालो, मी आजच कामरेजला जातो, त्यांना चूक सांगतो, हा नवा फोटो लावून येतो. मी उठलोसुद्धा.

काकांनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे, योगेंद्र," ते म्हणाले. "पोर नवी शे तठे. तिना सासराले वाईट वाटी."

मी बसलो. त्यांनी चहा टाकला, आम्ही तो प्यायलो. निघताना नव्या फाइलचा पेनड्राइव्ह मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हा कशात घालायचा असतो, असं विचारलं.