आजोबांची डावी बाजू

मी एक जुना रबरी रुग्ण आहे. नॉर्वेतल्या बर्गन शहरात, डॉक्टर आणि नर्स होऊ घातलेल्या मुलांच्या सरावखोलीत सतरा वर्षं पडून आहे. मुलं मला ‘आजोबा’ म्हणतात. मित्रांनो, आजवर मी हजारदा तरी मेलो असेन!

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! मी श्वास घेतो, घाम गाळतो, काचेपलीकडून शिकवणाऱ्या तोरुनबाई माइकवर कण्हल्या की माझ्या तोंडून कण्हतो, हे बघायला रांग लागायची. मग माझं डावं फुप्फुस अधूनमधून अडकू लागलं. दुरुस्तीची चिठ्ठी फळ्यावर लागली आणि तिथेच पिवळी पडली.

परवा ऑडनीची परीक्षा होती. नर्सिंगची ही मुलगी दोनदा नापास झालेली. तिला दिसायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. या वेळी जमलं नाही, तर सोमवारपासून इस्पितळात जायला मिळणार नव्हतं. माझ्या मनगटावर ती नाडी शोधत होती. मला हृदय नाही, तरी धडधडत होतं!

डॉक्टरकीच्या सिंद्रेने माझ्या घशात नळी घातली, हवेची पिशवी दाबली. उजवी छाती वर आली. डावी हललीच नाही.

ऑडनीने ते पाहिलं. ओठ मिटून घेतले. बोल गं, बोल! मला कुठलं ओरडता येतंय?

“सिंद्रे... डावी बाजू हलत नाहीये.”

“अगं, आजोबांचं ते नेहमीचंच. जुना माल! औषध काढ तू.”

पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. नव्वद. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर. तिने घाईघाईने स्टेथोस्कोप टेकवला.

“सिंद्रे, थांब!” तिचा आवाज चिरकला. “डावीकडे श्वास ऐकू येत नाही. नळी खोल जाऊन एकट्या उजव्या फुप्फुसात शिरलीय. दोन सेंटिमीटर मागे घे!”

त्याने नळी धरली. मग इथल्या नियमाप्रमाणे ऐकलेलं मोठ्याने परत म्हणाला, “नळी दोन सेंटिमीटर मागे घेतोय.”

माझी डावी बाजू उठली. हुश्श!

तोरुनबाई काचेमागून बाहेर आल्या. “नळी खोल गेल्याचं दाखवायला डावी बाजू मीच बंद केली होती. ऑडनी, पास. सिंद्रे, तुला काय वाटलं?”

“बाहुला बिघडलाय,” तो पुटपुटला.

“मलाही मागच्या वेळी तसंच वाटलं होतं,” ऑडनी म्हणाली. “म्हणून तर गप्प बसले.”

सगळे वाफल, म्हणजे इथली जाळीदार गोड धिरडी, खायला गेले. चिठ्ठी अजून फळ्यावरच आहे.

मित्रांनो, मला कौतुक नको. माझं ते फुप्फुस तेवढं बदला. ‘हे नेहमीचंच’ म्हणायची सवय मुलं माझ्याकडून घेऊन जातात, आणि सोमवारी त्यांच्यासमोर कुणाचे तरी खरे आजोबा असतात.