माझ्यात काहीच अडकत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी गाळपिशवी आहे. हसू नका. मी भाजी आणायची नाही आणि चहा गाळायची तर मुळीच नाही. खाऱ्या पाण्याच्या काचटाकीतलं पाणी गाळायची पिशवी आहे मी. हातभर लांब, जाड पांढऱ्या फेल्ट कापडाची, आणि तोंडाशी निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. ती शिवण वडिवुअम्माच्या हातची आहे. मिरवायला माझ्यापाशी तेवढंच आहे.

माझा जन्म चेन्नईत रॉयपुरमला झाला, खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर. वडिवुअम्माचे यजमान तणिकाचलम बंदराच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे. तिथल्याच एका ठिणगीनं त्यांचा डावा डोळा गेला होता. नोकरी संपल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत ही टाकी मांडली. दुकानातून आणलेल्या पिशव्या तोंडाशी फाटायच्या. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वडिवुअम्मा मशीनवर बसल्या आणि मला शिवूनच उठल्या.

माझं काम सोपं होतं. टाकीतलं पाणी नळीनं माझ्यात पडायचं. माशांचं उरलेलं खाणं, वाळूची भुकटी, शेवाळाचे तंतू, जे जे म्हणून तरंगत यायचं ते मी पोटाशी धरायचे. खाली उतरलेलं निवळ पाणी पंप पुन्हा वर न्यायचा. तिसऱ्या दिवशी मला बादलीत खंगाळलं की पाणी थेट रस्समसारखं व्हायचं. शेजारी कापी, म्हणजे कॉफी, प्यायला आले की म्हणायचे, अहो, टाकीत पाणी आहे की नाही, मासे हवेत टांगल्यासारखे दिसतायत. तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

टाकीत प्रवाळ होते, मासे होते, पण वडिवुअम्माचा जीव होता विसिरीवर. विसिरी म्हणजे त्यांच्या भाषेत पंखा. तो नळीत राहणारा एक समुद्री किडा होता. नळीच्या तोंडातून तपकिरी पंख्यासारखा तुरा बाहेर काढायचा आणि पाण्यातले बारीक कण टिपून खायचा. वडिवुअम्मा यजमानांना दटावायच्या, "सगळंच गाळून काढाल तर तिनं काय खायचं? माती?" म्हणून आठवड्यातून एक दिवस मला सुट्टी असायची. त्या दिवशी पाणी जरा धूसर व्हायचं आणि विसिरी मनसोक्त जेवायची.

मग वडिवुअम्मा गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. घरात तणिकाचलम, म्हणजे अप्पा, आणि त्यांची मुलगी अमुदा एवढे दोघेच उरले. अमुदा शाळेत तमिळ शिकवते. अप्पा दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. कुणाशी फारसं बोलायचे नाहीत.

एके सकाळी ते म्हणाले की पाण्यात काळे कण फिरतायत. अमुदानं हातातलं सांबाराचं भांडं ठेवलं, काचेला नाक लावून पाहिलं आणि सांगितलं, कुठे काय, पाणी स्वच्छ आहे. अप्पांना ते पटलं नाही. ते चेन्नईजवळच्या कोवळमच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणू लागले आणि मला रोज धुऊ लागले. तरी कण जाईनात. मग त्यांनी आपली जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, फाडून तिचं दुहेरी अस्तर मला आतून शिवून घेतलं. माझी सुट्टीही बंद झाली. आता माझ्यातून जीव गेला तरी कण सुटणार नव्हता. विसिरी उपाशी पडली. तिचा तुरा दिवसेंदिवस लहान झाला आणि शेवटी तो बाहेर येईनासा झाला.

आणि मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला माहीत होती. माझ्यात काहीच अडकत नव्हतं. होती तेवढी घाण पहिल्या काही दिवसांतच निघून गेली होती; त्यानंतर रोज खंगाळायचे आणि बादलीतलं पाणी होतं तसंच राहायचं. कण टाकीत नव्हतेच. पण पिशवीला कुठे तोंड असतं बोलायला? जे आहे ते फक्त पाणी गिळायला.

अमुदा दोन-तीनदा म्हणाली, अप्पा, एकदा डोळे दाखवून येऊ. डोळ्याचं नाव काढलं की अप्पांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकच डोळा उरलेला माणूस तो. त्याला तो विषयच नको होता. एका संध्याकाळी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"तुला कण दिसत नाहीत म्हणजे मी आंधळा झालो, असंच ना? तुझी अम्मा असती तर म्हणाली नसती असं."

दोन दिवस त्यांनी तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी अमुदा इडलीची ताटली घेऊन टाकीसमोर उभी राहिली. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"हो अप्पा," ती हळूच म्हणाली. "जरा गढूळ आहे खरं. मीच नीट बघितलं नव्हतं."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. ते लगेच तीन इडल्या जेवले. त्यानंतरचे तीन आठवडे, काय सांगू तुम्हाला, त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. बापलेक मिळून नळ्या धुवायचे, काच घासायचे. अप्पा वेल्डिंगच्या दिवसांतले किस्से सांगायचे आणि अमुदा पोट धरून हसायची. मीही आनंदात होते. आज त्याची लाज वाटते.

एका रविवारी अमुदानं मला एकटीनंच धुतलं. पिळलं, उलटं केलं, पुन्हा पिळलं. पाणी इतकं निवळ की बादलीच्या तळावरची बारीक रेघही लख्ख दिसत होती. ती मला हातात धरून मोरीत तशीच बसून राहिली. दोष पाण्यात नाही, अप्पांच्या डोळ्यात आहे, याची आता तिला खात्री झाली होती. मला वाटलं, आता उठेल आणि सांगेल. बाहेरून अप्पांनी विचारलं, निघाली का घाण? ती म्हणाली, निघाली, आणि तिनं मला दोरीवर वाळत घातलं.

त्यानंतर नवव्या दिवशी अप्पा म्हणाले की टाकीच्या कोपऱ्यातून काळं पाणी चढतंय. अमुदा धावत आली. अप्पांनी मान वळवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, मग वडिवुअम्माच्या फोटोकडे. काळं पाणी त्यांना तिथेही चढताना दिसत होतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी अमुदाच्या दिशेनं हात पुढे केला.

दवाखान्यातलं मला नंतर घरातल्या बोलण्यावरून समजलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता. ते काळे कण म्हणजे त्याचीच पहिली खूण होती. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. कण दिसू लागले तेव्हाच आला असतात तर डोळा वाचवता आला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अमुदानं ते ऐकलं. माशांना खाणं टाकण्यापलीकडे महिनाभर तिनं टाकीकडे ढुंकून पाहिलं नाही. घाई-गडबडीच्या त्या दिवसांत अस्तर काढून मला कुणीतरी खिळ्याला टांगलं होतं, आणि मी तिथेच राहिले.

मग एका संध्याकाळी अप्पा चाचपडत खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांनी तिला हाक मारली.

"पाणी कसं आहे गं? आता खरं सांग."

अमुदा टाकीजवळ आली. "थोडे कण आहेत, अप्पा. पिशवी लावलेली नाही ना. पण तेव्हा... तेव्हा एकही नव्हता. मी खोटं बोलले. तुम्ही जेवावं म्हणून खोटं बोलले."

अप्पांनी खिळ्याच्या दिशेनं हात लांब केला. तिनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं माझ्या निळ्या शिवणीवरून फिरत राहिली.

"रडू नकोस," ते म्हणाले. "तुझ्याआधी रोज मीच धूत होतो हिला. बादलीत काही उतरत नव्हतं, ते मलाही दिसत होतं. फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं."

अमुदानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. अप्पा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसून टाकीकडे पाहिलं आणि सांगितलं की विसिरीनं तुरा बाहेर काढलाय, नखाएवढाच आहे पण नवा आहे. अप्पांनी रंग विचारला. तिनं सांगितला.

आता मला आठवड्यातून दोनच दिवस लावतात. फेल्ट विरलं आहे, शिवण मात्र शाबूत आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हणालं की सगळं गढूळ दिसतंय, तर त्याचं मन राखायला हो म्हणू नका. रागावू दे, जेवण टाकू दे. त्याचा हात धरा आणि दवाखान्यात घेऊन जा. माझ्या पोटात काहीच नव्हतं, हे त्या घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.