झग्याचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत नियम सरळ होता. शब्द कुठून आला ते कार्डावर लिहायचं आणि कुणी सांगितलं ते खाली कोपऱ्यात. दोघा जाणत्यांना विचारूनही पत्ता लागला नाही, तर 'ठाऊक नाही' लिहायची मुभा होती. 'झगा' शब्दापाशी गाडी अडली, तेव्हा कार्डं लिहिणाऱ्या पंडिताने एकालाही विचारलं नाही. पंडित हे नाव वडिलांनी थट्टेने ठेवलेलं. ते जन्मभर झगे शिवत आलेले, दुकान कचेरीपासून दोन गल्ल्यांवर. पण आपला बाप शिंपी आहे हे या पठ्ठ्याने कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याने 'झगमगत्या कापडाचा, म्हणून झगा' असं ठोकून दिलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'एका वृद्ध शिंप्याकडून.'

कोश छापून आला, कोपऱ्यांतल्या नोंदींसकट. रविवारी पंडित दुकानात गेला, तर 'झगा' शब्दाचं पान भिंतीवर चौकटीत टांगलेलं. वडील एका गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावत झगमगत्या कापडाची तीच गोष्ट सांगत होते. मध्येच अडखळले, भिंतीकडे पाहिलं, मग पुढे गेले.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पंडित, तो म्हातारा शिंपी मीच ना रे?"

"हो, बाबा."

"तुला हे कधी सांगितलं, काही केल्या आठवेना. परवा डॉक्टरकडेही जाऊन आलो. पोरगा काही खोटं लिहायचा नाही, म्हणजे माझंच डोकं कामातून चाललंय. म्हणून रोज पाठ करतो."

पंडिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'वयाने होतं असं' हे वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. त्याची त्यालाच किळस आली.

"तुम्ही काही विसरला नाहीत, बाबा. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मनानेच लिहिलं. तुम्ही शिंपी आहात हे तिथे सांगायची मला लाज वाटायची."

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तर!" वडील आधी हसले. सुटल्यासारखे हसले, आणि ते हसू पंडिताला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग त्यांनी स्टुलावर चढून चौकट उतरवली, पालथी करून मशीनवर ठेवली.

"विचारलं असतंस, तर मी म्हटलं असतं, ठाऊक नाही. तेवढं लिहिता आलं असतं ना?"

"आलं असतं."

"दोनच तर गल्ल्या होत्या रे," वडील म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.