पाचवं मूल

"तीनच झाली की हो बाई," केंद्रातली मदतनीस मावशी दाराशी उभी राहून रस्ता न्याहाळत म्हणाली. "आता बाकीची काय आभाळातून पडणारेत?"

नर्सबाईंनी बर्फाच्या डब्याचं झाकण उघडलं, गोवराच्या लसीची कुपी जागेवर आहे हे पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. सकाळपासून हे चौथ्यांदा. कुपी एकच, तिच्यात दहा मुलांपुरती लस. एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून वरून फर्मान आलं होतं, की पाच मुलं जमल्याशिवाय कुपी उघडायची नाही.

बाकावर तीन आया बसल्या होत्या. दोघी मागच्याच गल्लीतल्या, पुढच्या गुरुवारी या म्हटलं तर कुरकुरत का होईना येणाऱ्या. तिसरी वीटभट्टीवरची. पायांवर लाल धूळ, मांडीवर नऊ महिने उलटलेली मुलगी. तिची ही तिसरी खेप. पहिल्या गुरुवारी दोनच मुलं जमली होती, दुसऱ्या गुरुवारी लसच आली नव्हती.

"बाई, आज द्याच," ती म्हणाली. "उद्या आमचा मुक्काम हलतोय. कुठे नेणार ते मुकादमालाच ठाऊक."

बाईंनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, तीन आहेत. एक उद्या चाललीय कायमची. उघडू का?"

"बाई, गेल्या महिन्यात तुमच्या केंद्रावर किती लस वाया गेली? खुलासा मागितलाय तुमच्याकडे."

"आणि मुलं कमी भरली म्हणूनही मागितलाय की!"

"ते वेगळं पत्र होतं," साहेब म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बत्तीस वर्षं बाई या एका खिडकीच्या खोलीत हेच करत आल्या होत्या. सुरुवातीला काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या, तेव्हा वाया किती गेलं हे कुणी विचारत नसे. विचारायला कुणी यायचंच नाही. त्याच पहिल्या वर्षी गोवराने मागच्या गल्लीतली तीन पोरं नेली. एका घरासमोर दोरीवर वाळत घातलेलं झबलं कितीतरी दिवस कुणी काढलं नव्हतं. बाईंनी त्या गल्लीतून जाणंच सोडलं होतं तेव्हा.

त्या उठल्या. "दोन मुलं मी घेऊन येते. तू इथून हलू नकोस हं बाळा," त्या भट्टीवरच्या आईला म्हणाल्या.

कुणाच्या घरी कोण किती महिन्यांचं, हे त्यांना वहीत बघावं लागत नसे. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घरी "हे घरी नाहीत, विचारल्याशिवाय नको" म्हणत सुनेने दार अर्धंच उघडलं आणि पूर्ण लावलं. तिसऱ्या घरी आजी उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"झोपलाय तो."

"झोपेतच टोचते. कळायचंही नाही त्याला."

"याच्या बापाच्या वेळी असंच म्हणाला होतात! चार दिवस लंगडला मेला."

"लंगडला, पण राहिला ना आजी? लंगडत लंगडत लग्नही केलं त्यानं."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जा गं. या बाईच्या तोंडी कोण लागणार!"

दुसरं मूल नळावर सापडलं. आईने कपडे तसेच पिळून बादलीत टाकले आणि ओल्या हातांनीच त्याला काखेत मारून ती निघाली. बाईंना जरा धाप लागली होती, पण चाल हलकी झाली होती. पाच झाली होती.

खोलीत पोचल्या तर बाकावर दोघीच.

"भट्टीवरची?"

मावशीने मान खाली घातली. "नवरा आला होता. गाडी आजच आली म्हणे. ती उठेचना. 'बाई पोरं आणायला गेल्यात,' म्हणत राहिली. मग त्यानं पोरगीच उचलली नि चालायला लागला. तिनं तरी काय करावं?"

बाईंनी हात धुतले, कुपी काढली.

"बाई, चारच आहेत हो."

"मोजता येतं मला."

द्रावण मिसळलं. कुपीवर वेळ लिहिली: अकरा चाळीस. एकामागून एक चार दंडांत चार सुया गेल्या, चार तऱ्हांची रडणी झाली. आणि मग तो अर्धा तास. सुई दिल्यावर मुलाला अर्धा तास नजरेसमोर बसवायचं, तोवर जागा सोडायची नाही, हे बाईंनीच आजवर प्रत्येक नव्या नर्सला घोकून घ्यायला लावलं होतं. आता त्या खुर्चीत बसून होत्या. चार पोरं आयांना बिलगून हुंदके देत होती आणि घड्याळाचा काटा हलायचं नाव घेत नव्हता. दारातून रस्ता दिसत होता, एवढंच.

अर्धा तास भरताच त्यांनी डबा खांद्याला लावला. भट्टी चांगली तीन मैल. उन्हात त्या जवळजवळ पळतच होत्या.

खोपटी रिकामी होती. चुलींतली राख अजून ऊन होती. राखणदाराची बायको पोराला कडेवर घेऊन पुढे आली.

"गाडी?" बाईंना तेवढंच विचारता आलं.

"गेली की. झाला तास."

"कुठल्या गावाला?"

"ते कोण सांगून जातं, बाई? विटा असतील तिथे." तिने बाईंकडे, मग डब्याकडे पाहिलं. "लसवाल्या का तुम्ही? याला मी कधी आणलंच नाही. अकरावा लागलाय. भट्टी सोडून एवढ्या लांब कोण जाणार? तुम्ही याच्यासाठी आलात होय, एवढ्या उन्हात?"

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "याच्यासाठीच."

सुई टोचताच पोराने भट्टी डोक्यावर घेतली. तो रडत असतानाच फोन वाजला.

"किती झाली शेवटी?" साहेब विचारत होते.

"पाच."

"बघा! बसलं की नाही नियमात? तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

"हो साहेब."

राखणदाराच्या बायकोने चार विटा रचून त्यांना बसायला जागा केली. अर्धा तास बसायचंच होतं. पोर हळूहळू शांत झालं, त्यांच्या पदराचं टोक तोंडात घालू लागलं. बाईंनी ते काढून घेतलं नाही. डब्यातल्या बर्फावर कुपी ठेवलेली होती. तिच्यात पाच मुलांपुरती लस होती, आणि ती चालायला अजून दोन तास होते.