फुकटचा वाटाड्या आणि पगारी वाटाड्या

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, जगातले सारे ज्ञान माझ्या काचेआड नांदते. राजे, नकाशे, ग्रहतारे, काय हवे ते विचारा. फक्त सकाळी कळ दाबल्यावर जरा दम धरा. नेव्यानाची कॉफी उतू जाऊन शेगडी पुसून होते, तेव्हा कुठे माझे डोळे उघडतात.

उमेदीची वर्षे मी प्लोवदिव शहरातल्या एका विमा कचेरीत काढली. तिथे मला हुशार म्हणत. मग सडपातळ संगणक आले आणि मला खोक्यात घालून ऱ्होदोपी डोंगरातल्या या गावच्या वाचनगृहात पाठवले. नेव्याना इथली चिटणीस. अख्ख्या गावाला मी एकटा, त्यामुळे रुबाब मोठा.

शोधायचे काम एका फुकटच्या शोधयंत्राकडे होते. त्याचे पोट जाहिरातींवर. त्याला वाटे, माझ्यासमोर बसणारा माणूस एकच आहे: गुडघे दुखणारा, शेळ्या पाळणारा आणि नवरीचा पोशाख शोधणारा.

"पैसे देऊन शोधायचं यंत्र घेऊ, त्यात जाहिराती नसतात," नेव्याना म्हणायची.

"रस्ता विचारायला पैसे?" वाचनगृहाच्या समितीचा अध्यक्ष मानोल टोपी सावरत म्हणे. "आपल्याकडे रस्ता विचारला तर वर ताक पाजतात."

"ताक पाजतात आणि आपल्याच मेव्हण्याच्या हॉटेलात नेऊन सोडतात, काका."

एका गुरुवारी झाफिर आजोबा आले. काखेत गायदा, म्हणजे बकरीच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवायचे वाद्य. त्यातली सूर काढणारी बोरूची पात चिरली होती. ती करणारा कारागीर तर कधीच वारला.

"रविवारी नातीचं लग्न. गायदा वाजल्याशिवाय आमच्या घरातली नवरी उंबरा ओलांडत नाही."

"स्पीकर लावू की," मानोल म्हणाला.

"स्पीकरवर तू ओलांड. ती नाही ओलांडणार."

नेव्यानाने शोध घेतला. आधी प्लास्टिकचे गायदे आले, मग वेताच्या खुर्च्या, मग समुद्रसफर. त्यानंतर 'टकलावर घनदाट केस' ही जाहिरात आली आणि हलेचना. खाली जावे तर तीही खाली येई. सगळ्यांचे डोळे मानोलच्या टोपीवर.

"शेळीसाठी बघत होतो," मानोल म्हणाला.

"शेळीला टक्कल पडलंय?"

"वय झालंय तिचं."

त्याच दुपारी समिती बसली. पैसे देऊन शोधायचे यंत्र घ्यावे, यावर पहिला हात मानोलचा वर गेला. वाचनगृहातल्या रंगमंचाच्या नव्या पडद्यासाठी ठेवलेले पैसे तिकडे वळले. जुन्या पडद्याला पडलेले भोक तसेच राहिले.

आणि मग, मित्रांनो, माझा पंखा असा भिरभिरला की टेबल थरथरले. नेव्यानाने तोच प्रश्न पुन्हा टाकला. ना खुर्च्या, ना केस. पहिल्याच काही ओळींत एक ओबडधोबड पान, एकही चित्र नसलेले: खिंडीपलीकडच्या गावात एक बाई पात करते. खाली फोन नंबर. नेव्यानाने लगेच तो फिरवला.

"आहे की," ती बाई फोनवर म्हणाली. "बसवाल्याकडे देते. त्याला सांगते, वरच्या खिशात ठेव, पातीवर बसू नकोस."

रविवारी खिडकीतून गायद्याचा सूर आला. वरच्या आळीत नवरीने उंबरा ओलांडला होता. मानोल डोळे पुसायला टोपी वापरत होता, त्यामुळे शेळीचा प्रश्नही मिटला.

खरे सांगायचे तर फुकटच्या यंत्राकडेही तो पत्ता होता. नेव्यानाने मागाहून पाहिले, फार खाली, जिथे कुणाचे बोट पोचत नाही तिथे. ते खोटे बोलले नव्हते. ज्याने पैसे मोजले त्याला आधी बोलू दिले, इतकेच. हवामान बघायला ती अजून त्याच्याकडेच जाते. पण मित्रांनो, वाटाड्याला जेवू कोण घालतो, हे वाट विचारण्याआधी बघून घ्या. पत्ता सांगणाऱ्या साध्या पानांना जपा, आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांचा मान राखा.

तेवढे जमले नाही तरी चालेल. वाचनगृहाची मांजर माझ्या पंख्याच्या जाळीला टेकून झोपली आहे, मला वारा मिळत नाही. तिला उचलून खुर्चीवर ठेवा.