जानकाबाईंची डोली

मित्रांनो, मी एक जुनी डोली. डोली म्हटल्यावर नटलेली नवरी आठवली असेल, तर ती आधी विसरा. माझ्यात आजवर बसली ती तापाने फणफणलेली, पाय मोडलेली, नाहीतर दिवस भरलेली माणसं. मढ गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे. गाडी खालच्या डांबरी रस्त्यावर थांबते, अँब्युलन्ससुद्धा तिथूनच हॉर्न वाजवते.

मला घडवलं जानकाबाईंनी. शाळेने टाकून दिलेली एक लाकडी खुर्ची त्यांनी डोक्यावर वाहून आणली, तिला दोन लांब बांबू आवळले आणि जाहीर केलं, "झाली आपली गाडी." पण बसणार कोण? चौघांच्या खांद्यावरून जायचं ते मेल्यावर, अशी वाडीची समजूत. जित्या माणसाला असं नेणं म्हणजे अभद्रच. मग जानकाबाई स्वतःच बसल्या. चार गड्यांना मला उचलायला लावून, मिसरी घासत घासत, त्या साऱ्या वाडीतून मिरवल्या. "बघा बरं, मेले का मी?" असं दारोदारी विचारत गेल्या. लोक पोट धरून हसले आणि त्या हसण्यात भीती पळाली.

त्यांच्या पडवीत मी उघडीच उभी असायची. न विचारता न्यायचं आणि परत आणून धुऊन ठेवायचं, एवढंच. शिवाय जो खांदा देईल, त्याच्या खाचरात त्या दिवशी बाकीच्यांनी राबायचं, हा बाईंचा नेम. वाडीतल्या तुळशीदासला साप चावला तेव्हा ऐन भातलावणी होती. चौघांनी त्याला खाली पळवला आणि इकडे त्यांची रोपं वाडीने लावली. गुडघाभर चिखलात सगळ्यांत पुढे जानकाबाई. तुळशीदास वाचला. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या वर्षी जानकाबाई गेल्या आणि वाडीला काही सुचेना. त्यांचा भाचा समाधान दूर वारूळवाडीत राहतो, नोकरीही तिकडेच. त्याने समाजमंदिर रंगवून घेतलं, आत बाईंचा फोटो लावला आणि फोटोखाली मला ठेवलं. बांबू सोडून भिंतीवर टांगले. मला चकचकीत पॉलिश केलं, गळ्यात हार घातला. "आत्याची आठवण हाय. कुणी हात लावायचा नाय," असं सांगून त्याने जाळीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सगळ्यांनी हात जोडले. त्याने हे प्रेमापोटीच केलं, म्हणून तर त्याला कुणी अडवलं नाही. आणि माझे हातच काढून घेतलेले, मी काय करणार?

मग एक दुपार आली. तुळशीदासची लेक स्वप्ना बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला अचानक कळा सुरू झाल्या. माणसं धावत माझ्या दाराशी आली. समाधानला फोन लावला, तो उचलेना.

"कुलूप तोडा," प्रयागबाई म्हणाल्या. जानकाबाईंच्या बरोबरीच्या त्या, काठी टेकत आल्या होत्या.

तुळशीदासने दगड उचललासुद्धा. पण फोटोकडे पाहिलं आणि त्याचा हात खाली आला. "न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. बाईंनी मला जगवलंय. त्यांच्या देवळाचं कुलूप मी कसं तोडू?"

त्यांनी गोधडीची झोळी केली. पाय पोटाशी मुडपलेली ती पोर विव्हळत माझ्या दारावरून खाली गेली. जाळीतून मी सगळं पाहिलं. मित्रांनो, तेव्हा मला त्या हाराची लाज वाटली.

स्वप्ना सुखरूप सुटली, मुलगी झाली. दीड महिन्यानं सगळे नवा हार घेऊन आले. समाधानने कुलूप उघडलं.

"बाईंची कृपा," तुळशीदास म्हणाला.

"कृपा कसली?" प्रयागबाई म्हणाल्या. "जानका असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. आन् समाधान, तुझ्याबी."

समाधानने माझ्या गळ्यातला जुना हार काढून नवा घातला. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. स्वप्ना चढण चढून दमली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती माझ्यावरच टेकली, बाळाला पदराखाली घेतलं. किती दिवसांनी जिवंत माणसाचा भार. माझं लाकूड जरा करकरलं.

"ऊठ गं, बाईंची वस्तू हाय," कुणीतरी म्हणालं. ती ओशाळून उठली. समाधानने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो बांबू उतरवेल. त्याने नवा हार नीट केला आणि सवयीने कुलूप घातलं.

हल्ली प्रयागबाईंचे पाय सुजतात. जाळीतून दिसतं मला, त्या अंगणात चार पावलं टाकतात आणि बसून घेतात. खालच्या रस्त्यापर्यंत त्यांना आता चालवणार नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी वाडीत आलं, तर मला नमस्कार करू नका. समाधानकडे किल्ली मागा. मी अजून मोडलेली नाही.