कोठीच्या भिंतीची ओल

शुक्रवारी सकाळी कोठीतून साबुदाण्याचं पोतं ओढलं, तर त्याचं बूड ओलं. हात लावला, वास घेतला. पाणीच. मागं भिंत बघितली तर जमिनीपासून वीतभर ओल चढलेली. त्या भिंतीच्या पलीकडं आमचा नवा संडास. बसवून आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

सोमवारी हे येणार होते, आमचे मालक. दुकानाच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही, कमोड पाहिजे. मुलगा रुद्रेश त्यांच्याजवळ दवाखान्यात, म्हणून झोपायच्या खोलीला लागून कमोड मीच उभी राहून बसवून घेतला. नसता बसला तर काय, तेही रुद्रेशनं फोनवर सांगून ठेवलं होतं.

"आई, जमत नसलं तर आप्पांना गेवराईला काकाकडं ठेवू. रस्त्यातच हाय, अन् समदी सोय हाय तिथं."

काका म्हणजे माझा दीर, श्रीशैल. त्याच्या घराला मी अकरा वर्षं पाय लावलेला नाही. त्या घराच्या वास्तुशांतीला गुरुस्वामींच्या पाद्यपूजेला त्यानं स्वतःच्या सासूला पुढं बसवलं, आणि मला, थोरल्या सुनेला, स्वयंपाकघरात भाकरी मोजायला ठेवलं. आता माझ्या नवऱ्यानं त्या घरात दुखणं काढायचं? आणि माझी जाऊ सत्यशीला चार जणींत सांगणार, शांताक्काला एक संडास नीट बसवून घेता आला नाही.

मी सटवाला फोन लावला. नळाची, संडासाची कामं आमच्या भागात तोच करतो.

"ये अन् तुझं काम बघून जा. माझी कोठी भिजली."

"काकू, माझं काम गळत न्हाई."

"मग भिंतीला घाम आला का?"

आला. खाली बसून बॅटरी मारली, कॉक बघितला, टाकीची नळी चाचपली. मग बटन दाबलं. धडाधड पाणी गेलं. मागून पुढून बोटं फिरवली, बोटं कोरडी. पुन्हा दाबलं.

"पुरं की! आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, म्हाईत हाय ना तुला?"

"फ्लश दाबल्याबिगर गळती कशी सापडंल काकू?"

"न दाबता सापडली असती तर तुला कशाला बोलावलं असतं?"

सापडलं काही नाही. तो गेला आणि मी ओट्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, सटवाकडून काम करून घेऊ नका. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळलं होतं.

शनिवारी ओल दोन वीत. मला एका जागी बसवेना. लिंगपूजेला बसले तर तळहातावर लिंग आणि ध्यान भिंतीकडं. दर अर्ध्या तासानं जाऊन भिंतीला तळवा लावायचा. कुणावर तरी राग काढायचा म्हणून सुनेवर काढला.

"शिवकन्ये, तू अंघोळीला बसलीस की नदी सोडतीस."

"आत्या, मी तर मागच्या मोरीत करते अंघोळ."

खरं होतं. नव्या संडासात तिनं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मालक यायच्या आधी तो वापरून बघणारी मी एकटीच.

दुपारी सटवा पुन्हा आला, खिशात गुलालाची पुडी घेऊन. पुडी टाकीत रिकामी केली आणि बटन दाबलं. लालभडक पाणी गेलं. "आता भिंत लाल झाली तर माझी चूक," म्हणाला आणि कोठीत पोत्यावर बसून राहिला. तासभर बसला, दोन चहा प्याला. भिंत ओली, पण लाल नाही.

"बघा. ही ओल जमिनीतनं येती."

"जमिनीतनं? गावातल्या विहिरीला पाणी न्हाई, अन् माझ्या कोठीत पाझर फुटला?"

"आता ते मी काय सांगू!" गुलालाचे हात माझ्याच दाराला पुसून गेला.

रविवारी उजाडताच कोठी उघडली. ओलीच्या वरच्या कडेला चुन्यावर फिकट निळी रेघ उमटली होती. सटवाला बोलावलं. तो वाकून बघत राहिला.

"काकू, टाकीत निळी वडी टाकली का?"

"न्हाई."

"मग हे निळं कुठनं आलं?"

शिवकन्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तिला माहीत होतं. मलाही त्याच क्षणी कळलं.

आदल्या दिवशी मी मालकांची धोतरं, सदरे, टोप्या धुऊन नीळ दिली होती. ते पाणी मी सांडणार का? आमच्याकडं धुण्याचं पाणी सांडत नाहीत. बादलीभर पाणी कमोडमध्ये ओतलं. आठ दिवस रोज तेच करत होते. बटन मी दाबायचे ते फक्त शेजारच्या बायका बघायला आल्या की. नुसतं बोट लावायचं बाई, म्हणून दाखवायचे. त्या गेल्या की बादली. आणि सटवा तीन दिवस बटन दाबून गळती शोधत होता.

तो तंबाखू मळायला बाहेर गेला. मी संडासात एकटी उभी राहिले. मनात आलं, बोलायचंच नाही. आजपासून बादली बंद. भिंत आपोआप वाळेल. उद्या मालक सरळ घरी येतील, गेवराईचा प्रश्नच नाही. कुणाला कळणार? शिवकन्या बोलायची नाही.

विचारात पाय हलवला तर कमोडसमोरची फरशी डुगडुगली. पुन्हा पाय दाबला. एक कोपरा खाली, दुसरा वर. खालची माती पाणी पिऊन बसली होती. याच फरशीवर ते काठी टेकणार होते. आणि आठव्या दिवशी टाकी कोरडी पडली की बादली आलीच. मी नाही ओतली तर दुसरं कुणी ओतणार.

"सटवा! आत ये."

"काय काकू?"

"मी बटन दाबत न्हाई. बादली ओतते. धुण्याची."

त्याचा तंबाखू मळायचा हात थांबला. "तीन दिवस मला शिव्या घालताय, अन् हे आत्ता सांगताय?"

"आता सांगितलं ना! मागं हात घाल, मी ओतते."

उंचावरून बादली उपडी केली. तो मागं पालथा पडून ओरडला, "आलं! वरच्या अंगानं आलं!"

मग त्यानं बोटानं दाखवून सांगितलं. फ्लशचं पाणी पाइपाच्या तळानं जातं. बादली ओतली की पाइप काठोकाठ भरतो. आणि भिंतीत जाताना जी रबराची रिंग लागते, ती वरच्या बाजूला दुमडली होती.

"रिंग माझ्याकडनंच दुमडली, काकू," त्यानं कबूल केलं.

"अन् बादली माझी."

"मग गल्लीत कोण सांगणार?"

"मीच सांगीन. जेवढ्या आवाजात तुझं नाव घेतलं तेवढ्याच आवाजात."

तो हसला नाही. कमोड उचलून ठेवावा लागेल, म्हणाला. रिंग बदलायची, फरशी काढून पुन्हा बसवायची. मंगळवार सकाळपर्यंत त्यावर कुणी बसायचं नाही, नाहीतर सगळं पुन्हा हलंल.

मंगळवार. मालक दवाखान्यातून निघणार सोमवारी.

रुद्रेशला सांगितलं असतं तर त्यानं परस्पर काकाला विचारलं असतं. पण माझ्या नवऱ्याची सोय माझ्या पाठीमागं दुसऱ्यांनी ठरवायची, हे मला चालणार नव्हतं. शिवकन्येकडून गेवराईचा नंबर लावून घेतला.

"कोण?" सत्यशीलेचा आवाज जाड झाला होता.

"मी शांता. पाटोद्याहून."

पलीकडं कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "आक्का? भावजी बरे हायत ना?"

"बरे हायत. उद्या एक रात तुमच्याकडं राहतील. आमच्या कमोडचं सिमेंट तवर ओलंच राहणार. माझ्याच हातानं बिघडला."

बोलून गेले. आता ती हसेल म्हणून वाट बघितली.

"एकच रात कावून? पाय नीट टेकता येईपर्यंत राहू द्या."

"एकच. अन् भाकरी मऊ कर, त्यांना चावत न्हाई. गादी खाली टाकू नको, पलंग लागतो. उशी एक पायांमधी—"

"आक्का, एवढं मला फोनवर ध्यानात राहतंय का? तुमीच या की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लई वर्षं झाली," ती म्हणाली. "या."

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

आत सटवा छिन्नी मारत होता. शिवकन्या माझ्याकडं बघत उभी.

"आत्या, पिशवी भरू का? सकाळी सातला बीडची गाडी हाय, तिथनं गेवराई."

"भर," मी म्हणाले. "सिमेंट वाळेपर्यंत इथं बसून तरी मी काय करणार हाय?"